वडिलांच्या वतीने दिलेलं उत्तर

वडिलांच्या दोन्ही डोळ्यांत दूरचं आणि जवळचं दाखवणाऱ्या लेन्स बसवून सात वर्षं झाली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, "काका, संध्याकाळी कमी उजेडात काही काम असतं का?" वडील माझ्याकडे बघायला लागले. मीच म्हणालो, "रिटायर आहेत. घरीच असतात."

हे खोटं होतं. पावसाळ्याचे तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन होतं. तीस वर्षं ते वडीलच करत. नोकरी होती तेव्हा कंपनीतून सुटून, हातात डबा तसाच घेऊन विहारात जात. हे मला पाठ होतं. पण डॉक्टरांनी 'काम' म्हटलं आणि ते मी कामात धरलंच नाही.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत मी तपासणी विभागात आहे. वडिलांचंही तसंच ठेवलं. दरवर्षी तपासणी आणि वहीत नोंद: दूरचं सहा बाय सहा, बारीक अक्षर वाचतात, चष्मा नाही. कंपनीच्या बसमध्ये हे आकडे मी आपण होऊन सांगत असे. ऑपरेशननंतर दोन वर्षांनी वडिलांनी विहारातलं वाचन सोडलं, म्हणाले, आता पोरांना वाचू दे. त्याचंही मी कौतुकच केलं.

यंदा बसमधला एक सहकारी मोतीबिंदू झालेल्या आईला घेऊन पिंपळे गुरवला आमच्या घरी आला. "काका, हिला तुमच्यासारखी लेन्स बसवायला जरा समजावा. माझं ऐकत न्हाई."

वडिलांनी चष्म्याशिवाय पेपरातली बारीक जाहिरात वाचून दाखवली. मग पेपर बाजूला ठेवून त्यांनी त्या बाईंना विचारलं, "ताई, संध्याकाळी काय करता?"

"भजनाला जाते. वहीत बघून म्हणते."

"मग डॉक्टरला आधी ते सांगा. मला मेणबत्तीभोवती कडी दिसतात, एकाबाहेर एक. अक्षर फिकं पडतं. विहारात एकदा तीच ओळ दोनदा वाचली. पुढच्या बाया हसल्या. तवापास्नं सोडलं."

"अगं बाई," त्या माझ्याकडे वळल्या, "सगळ्या बसला ठाऊक, अन् घरातल्याचंच ठाऊक न्हाई व्हय?"

ते दोघं गेल्यावर मी म्हणालो, "अण्णा, मला का नाही सांगितलं?"

"तू वहीत लिहीत होतास. आकडा तर बरोबरच होता."

मी हिशेब केला. पाच पावसाळे, प्रत्येकी नव्वद संध्याकाळ. साडेचारशे वेळा हा माणूस माझ्यासमोर घरी बसून होता.

पुढच्या आठवड्यात त्यांना डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं की लेन्स जागेवर आहे, मागचा पडदाही स्वच्छ आहे. ही लेन्स दूरच्या आणि जवळच्या नजरेत उजेड वाटून देते, म्हणून मंद दिव्यात असं होतं. इतक्या वर्षांनी ती बदलणं जोखमीचं. पुस्तकावर चांगला उजेड आणि वाचायला थोड्या नंबरचा चष्मा, एवढं करून बघता येईल. जो चष्मा सुटला म्हणून मी बसभर सांगत होतो, तोच.

"वाचन कुठं करता, काका?"

वडील सवयीने माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिलो.

"विहारात," ते म्हणाले. "करत होतो."