पान उलटायच्या आधी

सोमेया हिसाए पंचावन्न वर्षांची झाली, पण ‘बहुतेक’ हा शब्द काही तिच्या तोंडात बसला नाही. तरुणपणी ती तोक्योच्या गल्ल्यांतून कामिशिबाई करायची. सायकलवर लाकडी चौकट, चौकटीत चित्रं. मुलांना गोळ्या विकायच्या आणि एकेक चित्र सरकवत गोष्ट सांगायची. मग घरोघरी टीव्ही आला आणि धंदा बसला. तेव्हा तिने मुनाकाता सेन्सेई, म्हणजे मुनाकाता गुरुबाई, यांच्या मांगासाठी, उजवीकडून डावीकडे वाचायच्या जपानी चित्रकथांसाठी, घरं, झाडं, गर्दी काढायचं काम धरलं. त्याला आता चौदा वर्षं झाली. काम बरं होतं, पण वाचणाऱ्या पोरांचे चेहरे दिसत नाहीत, हे तिला सलायचं.

त्या सकाळी संपादक उतागावा पानं न्यायला आला, तो वाईट बातमी घेऊनच. मुलींच्या साप्ताहिकातली सेन्सेईंची भुताची मालिका वाचकांच्या पसंतीच्या पत्रांत तळाला गेली होती. हे प्रकरण पडलं की मालिका बंद.

“त्यात सुरुवातीलाच एक पान जाहिरातीला गेलंय,” तो म्हणाला. “आपलं एक कमी करू. शेवटचं काढा, सेन्सेई. कुणाला पत्ताही लागणार नाही.”

सेन्सेई मान डोलवणार, तोच हिसाएने ब्रश खाली ठेवला.

“जाहिरातीने सगळी पानं एकेक घर पुढे सरकली. बंद दार आलं उजवीकडे आणि दारामागची मेलेली आई डावीकडे, शेजारीशेजारी! वाचणारी पोरगी दार बघायच्या आधी आईच बघणार. भुताला काय पाहुण्यांच्या स्वागताला उभं करताय?”

“हिसाएबाई, तुम्ही तुमची झाडं काढा ना.”

“काढतेच आहे. पण भीती दाखवून वीस वर्षं गोळ्या विकल्यात मी. चित्र अर्धं ओढायचं आणि गप्प बसायचं. पोरांचा श्वास अडकला की मगच पुरतं ओढायचं. इथे ओढायचं काम वाचणारीच्या बोटांचं. दार डावीकडे, पान उलटायच्या आधी; आई उलटल्यावर.”

उतागावाने पानं चटईवर मांडून पाहिली आणि तो वरमला. म्हणजे पानं पुन्हा जागेवर यायला दाराच्या आधीचंच एखादं पान जायला हवं होतं. गोष्टीला धक्का न लावता निघेल असं पान एकच होतं: जत्रेचं. हिसाए त्यावर चार दिवस राबली होती. त्यातल्या कोपऱ्यात तिने आपली सायकल काढली होती आणि चौकटीपुढे उकिडवी बसून गोष्ट ऐकणारी आपली पोरं.

“ते नको,” सेन्सेई हळूच म्हणाल्या. “तुमच्या हातचं इतकं सुंदर पान आजवर झालं नाही.”

“सुंदर आहे, माहीत आहे मला. पण आडवं येतंय.” तिने स्वतःच ते पान उचलून बाजूला ठेवलं. मग बराच वेळ ती नळाखाली ब्रश धूत राहिली. वाईट वाटलं, फार वाटलं. पण आपलं चुकलं असं एकदाही वाटलं नाही.

अंक आला त्या दुपारी ती स्टेशनाजवळच्या दुकानात गेली. गणवेशातली एक मुलगी उभ्याउभ्याच फुकट वाचत होती. दाराच्या पानाशी ती थांबली. बोटांत कोपरा धरून तशीच राहिली. हिसाएही जागची हलली नाही. मुलीने पान उलटलं, “आई गं!” म्हणून किंचाळली, अंक छातीशी मिटला आणि लगेच पुन्हा उघडला.

चौदा वर्षांनी हिसाएला तिच्या वाचणाऱ्या पोराचा चेहरा दिसला.