सुतक पोरीला, डीजेला नाही

माझ्या यादीतला एक नंबरचा कलाकार परवा शहाडच्या स्मशानात राख झाला, आणि तुम्ही त्याच्या नावाने डीजे लावताय.

लाज वाटू द्या थोडी.

दरवर्षी थर्टीफर्स्टला मी इथे ग्रुपवर माझे टॉप फाइव्ह कलाकार टाकते. तुम्ही भांडता, मजा येते.

पाचवर तो डोंबिवलीचा कॉलेजवाला रॉक बँड, ज्यांना धड चार गाणी येत नव्हती पण वाजवायचे जीव तोडून. चारवर टिटवाळ्याचा ब्रास बँड. दोन-तीनवर तुमचे ते स्टेडियम भरवणारे, ते खाली-वर होत असतात.

एक नंबर कधीच हलला नाही.

नंदूदादा. हळदी-वरातीत वाजवणाऱ्या आंबिवलीच्या बेंजो पार्टीतला बेंजोवाला.

तुम्ही खाली कमेंटमध्ये हसायचात. अगं, बेंजोवाला काय आर्टिस्ट असतो का? आज त्याच लोकांच्या स्टेटसला दादाचा फोटो आणि वर ‘लेजंड’.

अरे, हळदीत धवले, ती जुनी लग्नगाणी, गाणारी म्हातारी गायला बसली की हा माणूस अख्खी पार्टी थांबवायचा. नाचणारी पोरं शिव्या घालायची. हा अँपचा आवाज पार खाली करायचा आणि तिच्यामागे हळूच सूर धरायचा.

आधी तिचं होऊ दे, म्हणायचा.

आज सकाळी गावच्या मंडळाचे अध्यक्ष दादाच्या घरी आले. मी वहिनींजवळच बसलेली.

रविवारी श्रद्धांजलीचा कार्यक्रम आहे म्हणे. दादाच्या चालींचा रिमिक्स. डीजे ठरला, बॅनरही छापायला गेला.

दादाची मुलगी प्राची म्हणाली, मला पप्पांच्या बेंजोवर एक चाल वाजवू द्या. एवढंच मागितलं तिने. दादानेच शिकवलेलं तिला, पण पार्टीत पोरीला कोणी कधी घेतलं नाही.

अध्यक्ष म्हणाले, तुम्हाला सुतक आहे, घरातल्यांनी वाद्याला हात लावलेला बरा दिसत नाही.

म्हणजे सुतक पोरीला. डीजेला नाही.

बापाच्या चालींवर गावाने नाचायचं आणि लेकीने कोपऱ्यात बसायचं. वा रे वा!

माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनी बोलल्या. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच.

"ह्यांची आई गेली, त्याच सुतकात तुझ्या भावाची हळद होती. तू इथेच बसून म्हणालेलास, वाजवणाऱ्याला कसलं सुतक. ह्यांना उठवून घेऊन गेलास. मग आता माझ्या पोरीला कसलं सुतक सांगतोस?"

अध्यक्ष मोबाईल बघायला लागले.

मला हे ठाऊकच नव्हतं. आईला पोचवून आलेला माणूस दुसऱ्याच्या मांडवात हसत वाजवत होता, आणि समोर गाव वन्समोअर ओरडत होतं. संताप संताप होतोय नुसता.

प्राची उठली. बेंजोवरचा टॉवेल काढला आणि सगळ्यांसमोर वाजवायला बसली.

मधेच चुकली. थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

तिला अडवायची कोणाची हिंमत झाली नाही.

रविवारी तुमचा डीजे तुम्हाला लखलाभ. मी दादाच्या अंगणात असेन, प्राची वाजवणार आहे. ज्याला खरंच वाईट वाटलंय त्याने तिथे यावं.

नंदूदादा, आता तुला कोणी उठवून न्यायला येणार नाही.

बस निवांत. लेकीचं ऐक.