सासऱ्यांच्या स्कॅनरमधला एक आकडा

सलग तीन आठवडे मी माझ्या सासऱ्यांचा छळ केला, आणि त्यासाठी मला एकदाही आवाज चढवावा लागला नाही. जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या आमच्या घरातून ऑफिसला निघण्यापूर्वी त्यांच्या रेडिओ स्कॅनरमधला एक आकडा बदलायचा, एवढंच.

ते आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आले होते. सासूबाई गेल्यापासून साताऱ्यात एकटेच राहायचे. मेहुण्याचं म्हणणं, आता त्यांना एकटं ठेवणं बरं नाही, फ्लॅट बंद करून मी त्यांना बंगळुरूला नेतो. सासऱ्यांचं म्हणणं, माझं मला सगळं होतंय. शेवटी माझ्या बायकोवर सोपवलं होतं, तीन महिने जवळून बघ आणि काय ते सांग. हे सासऱ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

उभं आयुष्य त्यांनी पोलिसांच्या बिनतारी विभागात काढलेलं. इथल्या फ्लोमार्क्टवर, म्हणजे जुन्या बाजारात, कपबश्यांच्या ढिगात त्यांना एक टेबलावरचा स्कॅनर दिसला आणि ते तिथून हलेनात. पोलिसांचं बोलणं इथे ऐकू येत नाही आणि ऐकायची परवानगीही नाही, पण हौशी रेडिओवाले दिवसभर गप्पा छाटत असतात. त्यांच्या फ्रिक्वेन्सी यंत्रात भरल्या की झालं. ते काम मी अंगावर घेतलं. इंजिनिअर ना मी! शनिवारची अख्खी दुपार मॅन्युअल घेऊन बसलो. १४५.६१२५ टाकलं की यंत्र आपलं आपणच १४५.६१० करून ठेवायचं. मी रिसेट मारला, पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. शेवटी यंत्र भंगार आहे असं जाहीर केलं.

सासरे शेजारी चहा पीत बसले होते. "जावईबापू, स्टेप बघितलीत का?" म्हणाले. स्टेप म्हणजे दोन फ्रिक्वेन्सींमधलं अंतर. ते पाच किलोहर्ट्झवर ठेवलेलं होतं, म्हणून यंत्र माझा आकडा जवळच्या पाचाच्या पटीत बसवत होतं. त्यांनी ते साडेबारावर आणलं आणि अर्ध्या तासात सगळे चॅनेल भरून टाकले. त्या खोक्यातून कोणीतरी जर्मनमध्ये बोलायला लागलं. सासऱ्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी मान डोलवत होते. संध्याकाळी मेहुण्याला फोनवर हसत हसत सांगितलं, "अरे, जावईबापूंना दिवसभर जमलं नाही, मी चुटकीसरशी केलं." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

सोमवारी सकाळी ते आंघोळीला गेले असताना मी पहिला आकडा बदलला. ६१२५ चं ६३७५. संध्याकाळी घरी आलो तर ते चष्मा कपाळावर सरकवून, वहीतल्या आकड्यांशी यंत्र ताडून पाहत होते. वहीत बरोबर, यंत्रात चूक. "माझ्याच हातून चुकलं वाटतं," म्हणाले आणि दुरुस्त केलं. तिथे मी थांबायला हवं होतं. पण मला मजा आली. खोटं कशाला बोलू, फार मजा आली.

मग रोजच. कधी एखादा आकडा, कधी दोन आकड्यांची अदलाबदल, कारण वयस्कर माणसं अशीच चुकतात. हे मी विचार करून केलं. सासरे पद्धतशीर माणूस. त्यांनी अँटेनाची पिन घासली, आतली छोटी बॅटरी बदलली, सगळी मेमरी पुसून पहिल्यापासून भरली. भरलेल्या प्रत्येक आकड्यापुढे वहीत बरोबरची खूण करू लागले. संध्याकाळी खूण तशीच आणि आकडा चुकलेला. त्या वहीकडे ते बराच वेळ बघत बसायचे.

दुसऱ्या कोणाला माझा संशय आला असता. पण जावयाचा? जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात आपल्याकडे. त्याचा कोप सोसायचा असतो, त्याच्यावर आळ घ्यायचा नसतो. मी खोलीत आलो की हा माणूस खुर्चीतून उठायचा. मी बसल्याशिवाय पानावर बसायचा नाही. लेकीच्या घरी राहतोय याचंच त्यांना ओझं होतं. त्यांनी यंत्रावर संशय घेतला, बॅटरीवर घेतला आणि शेवटी स्वतःवर.

"अरे, बाबा आकडे पाठ करत फिरतात घरभर," बायको एकदा मला म्हणाली. "मला भीती वाटायला लागलीय."

"वय झालं आता," मी म्हणालो.

"गेनाऊ, अगदी तेच," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं.

रविवारी मेहुण्याचा व्हिडिओ कॉल आला. त्याने विचारलं, काय ठरलं? बायको काही बोलायच्या आत सासरेच म्हणाले, "मला आता एकट्याला ठेवू नका रे. चार आकडे धड भरता येत नाहीत मला. उद्या गॅस उघडा राहिला तर शेजाऱ्यांचा जीव जाईल." मी शेजारीच बसलो होतो. एक वाक्य पुरलं असतं.

"बाबा, चहा घेणार?" मी विचारलं.

आता ते बंगळुरूला असतात. साताऱ्याचा फ्लॅट गेला. त्यांना एकट्याने खाली जाऊ देत नाहीत, स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाहीत. टीव्ही लावू का म्हणून सुनेला विचारतात.

गेल्या महिन्यात मला राहवेना. बायको घरात नाही असं बघून फोन केला. "बाबा, ते आकडे मी बदलत होतो. रोज सकाळी. तुमचं काहीही चुकलं नव्हतं."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जावईबापू, फार मोठ्या मनाचे आहात तुम्ही. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून एवढा आळ अंगावर घेताय."

मी शपथ घेतली. कोणता आकडा कोणत्या दिवशी बदलला तेही सांगायला लागलो. "असू दे, असू दे," ते मलाच समजावत राहिले. मग फोन मेहुण्याने घेतला. तो दुसऱ्या खोलीत गेल्याचं, दार लोटल्याचं मला ऐकू आलं.

"दाजी, कृपा करून असलं काही बोलू नका त्यांच्याशी," तो हळूच म्हणाला. "आधीच त्यांना काही कळत नाही, त्यात आणखी गोंधळतात."

मी "बरं" म्हणालो.