कोबॉल, मुक्काम जत

नाव : गुंडा सयाजी कोळेकर. वय : पस्तीस. हुद्दा : निवृत्त हवालदार, सिग्नल्स. राहणार : तालुका जत. ओळखीची खूण : उजव्या भुवईवर व्रण. वर्तणूक : समाधानकारक. पत्नी : एक, हरणाबाई. मेंढरं : बेचाळीस, पत्नीच्या ताब्यात.

१९७४ साली पुण्याच्या एका कारखान्यानं माजी सैनिकांसाठी प्रोग्रामरची जागा काढली. परीक्षा दोन महिन्यांनी, फोर्ट्रान किंवा कोबॉल या गणकयंत्राच्या भाषेत. गुंडाजवळ दोन्हींची पुस्तकं होती, जबलपूरला रेजिमेंटनं रद्दीत काढलेली. शिकवणारं कुणी नव्हतं आणि दोन महिन्यांत एकच भाषा होण्यासारखी होती. निवड चुकली की जागा गेली.

पलटणीतला दोस्त वजीर मुल्ला आता सांगलीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळत होता. "फोर्ट्रान घे, गड्या," तो म्हणाला. "थोडक्यात काम. कोबॉल म्हंजे लय बडबड."

शिकलेलं कुणाला तरी समजावून सांगायचं, ही फौजेची शिस्त. घरी समजावायला हरणाबाईच होती. गुंडानं फोर्ट्रानची एक ओळ मराठीत करून वाचली, "मेंढरं बरोबर मेंढरं अधिक एक."

"आवं, असं कसं? बेचाळीस बरोबर त्रेचाळीस? बाजारात सांगून बघा, मार खाल."

"अगं, म्हंजे एक वाढवायचं."

"मग तसं म्हना की!"

कोबॉलमध्ये तसंच म्हटलेलं होतं. मेंढरांत एक मिळव, आणि शेवटी टिंब. त्याआधी नाव सांगायचं, सामान मांडायचं, मग हुकूम. गुंडाला पलटणीत परतल्यासारखं वाटलं.

"हे कळतंय," हरणाबाई म्हणाली. "वाचा फुडं."

मेंढरांमागं चालत दोघांनी पुस्तक संपवलं. तिला कळलं नाही तिथं ती अडवायची, आणि बहुतेक वेळा ते गुंडालाही कळलेलं नसायचं.

पुण्यात एकवीस उमेदवार होते. कागदावर लिहिलेला प्रोग्राम खिडकीतून आत द्यायचा. आतली माणसं तो भोकांच्या कार्डांवर उठवून यंत्रावर चालवून बघायची. कोबॉलवाल्यांपैकी बहुतेकांची टिंबं गळली आणि काम तिथंच अडलं. गुंडानं पंधरा वर्षं बिनतारी संदेश लिहिले होते. तिथं 'स्टॉप' लिहिल्याशिवाय वाक्य संपत नसे. त्याचं एकही टिंब गळलं नाही.

महिन्यानं पत्र आलं. 'इलेक्ट्रॉनिक गणकयंत्राच्या वापरातील आपले प्रावीण्य लक्षात घेता, कनिष्ठ प्रोग्रामर या पदावर आपली नियुक्ती करण्यात येत आहे.' हरणाबाईनं ते गुंडाकडून दोनदा वाचून घेतलं.

"केवढं असतंय वो ते मशीन?"

गुंडानं ते अजून पाहिलं नव्हतं.