बर्फातलं केळीचं पान

आमच्या गिरीजच्या वाडीत केळी आणि किस्से एकदमच पिकतात. वेळेवर वाटले नाहीत की घरात वास सुटतो! म्हणून हे सांगून टाकते. सगळे माझ्या धाकट्या जावेचे, शिल्पाचे. ती कॅनडाला असते, मी इथे सासूबाईंजवळ. आणि हो, जळते मी तिच्यावर!

तिने तिकडच्या मंडळात नऊवारी नेसून फोटो टाकला. फॅमिली ग्रुपवर नुसते बदामच बदाम! त्याच आठवड्यात पुतणीच्या हळदीला मीही नेसले. सासूबाई म्हणाल्या, "पदर आवर, वाटणात जातोय."

*

शिल्पा तिकडे पानगी करते, केळीच्या पानात थापून तव्यावर भाजलेली. केळीचं पान आणते फ्रीझरमधलं, तेही थायलंडचं! "बघ," सासूबाई म्हणाल्या, "बर्फातलं पान शोधून करते पोर. माया लागते त्याला." मी तेव्हा वाडीतून कापून आणलेली पानं धूत होते. पानगीसाठीच.

"हो ना," मी म्हटलं, "माझी काय, फुकटची पानं!"

*

तिचा मुलगा व्हिडिओ कॉलवर आजीला शुभंकरोती म्हणून दाखवतो. सासूबाईंचे डोळे भरून येतात. परवा त्यांनी माझ्या चिरंजीवांना हाक मारली, "तूही म्हण रे."

आतून उत्तर आलं, "आजी, थांब ना, माझे मोमोज आलेत!"

कॅनडात संस्कार आणि गिरीजमध्ये शेजवान चटणी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

मे महिन्यात ती मंडळी येणार म्हणून मी हट्टाने काचेचं डायनिंग टेबल घ्यायला लावलं. यूट्यूबवर बघून पास्ता शिकले. शिल्पा आली, टेबलाकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, आपण खाली पानावर जेवूया ना! त्यासाठीच तर आलोय."

सगळे ओटीवर पंगतीला बसले. पास्ता मी एकटीने टेबलावर खाल्ला.

*

जायच्या दिवशी शिल्पाने स्वतः पानगी केली. आमच्या तव्यावर, आमच्या पानात, पण गुळाऐवजी तिकडून आणलेलं मेपल सिरप घालून. भावोजींनी मोबाइल धरला. सासूबाईंनी घास घेतला आणि म्हणाल्या, "वा! अशी पानगी जन्मात खाल्ली नाही!"

इतकी वर्षं मी पानग्या करतेय, हे वाक्य माझ्या वाट्याला कधी आलं नाही. त्या दिवशी भांडी जरा जास्तच आपटली मी.

दुपारी त्यांची टॅक्सी विमानतळाकडे निघाली. सासूबाईंनी फाटकात उभं राहून हात हलवला, डोळे पुसले आणि तडक स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसल्या.

"दोन पानग्या टाक गं पटकन. सकाळपासून उपाशी आहे मी!"