कान ठिवा, गुर्जी

मारोतीमामा पहिल्यांदा माझ्या दारात आले ते शेळीचा कापलेला कान घेऊन. चिंधीत गुंडाळलेला तो कान त्यांनी ओट्यावर ठेवला आणि माझी बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. चारठाण्याच्या शाळेत मी तेव्हा नवा मास्तर होतो. हौसेने घेतलेल्या शेळ्या मामांकडे वाट्याने राखायला दिल्या होत्या. त्यातली एक लांडग्याने मारली होती.

"अहो मामा, नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं. विश्वास आहे माझा."

"इस्वास असतोच की. कान ठिवा, गुर्जी. कान न्हाई आनला म्हंजे राखनाऱ्यानं जनावर इकलं, असं आमच्यात मानतेत."

पुढे ओळख वाढली. मास्तर म्हणजेसुद्धा मेंढकाच, असं त्यांचं मत होतं. "फरक येवढाच," ते म्हणत, "तुमची मेंढरं घंटा वाजली की पळून जातेत, माजी थांबतेत."

त्यांचा एकुलता मुलगा भगवान दरवर्षी ऊसतोडीला जाई. एका एजंटाने त्याला परदेशात लष्कराच्या छावणीत स्वयंपाक्याची नोकरी सांगितली. मामांनी अर्धा कळप विकून त्याला धाडला. तिथे त्याच्या हातात झाऱ्याऐवजी बंदूक आली, आणि ज्याचं नावही धड घेता येत नाही अशा कुठल्याशा गावासाठी तो खंदकात जाऊन बसला. एकदा फोनवर म्हणाला, "बा, आपल्याकडं सोयाबीनवर फवारायलेत ना, तसलं ड्रोन हितं मानसावर येतंय." त्यानंतर फोन आला नाही.

त्या दिवसांत जिंतूरच्या स्टँडजवळच्या हॉटेलात टीव्हीवर सारखं युद्धच चालू असे. कोणतं क्षेपणास्त्र किती कोटींचं, यावर लोक भजी खात पैजा लावत. मामा एकदा माझ्यासोबत तिथे बसले होते. बराच वेळ ऐकून त्यांनी विचारलं, "येवढं म्हागाचं फेकून देतेत, मंग माज्या लेकाला थंडीत फाटके बूट का दिले?" एकाने चॅनल बदललं. मला त्या माणसांची, त्या भज्यांची, सगळ्याचीच किळस आली. अजून येते.

पुढच्या वर्षी भगवान गेल्याची खबर आली. मढं सापडलं नव्हतं. भरपाई मात्र मिळणार होती, मुलगा मेला हे मान्य असल्याचा अंगठा मामांनी दिला की. भावकी म्हणाली, द्या आणि दहावा उरकून टाका. सून रुक्मिणीने कुंकू पुसायचं की ठेवायचं, हे त्या एका अंगठ्यावर अडलं होतं.

गावच्या पुढाऱ्याने त्यासाठी मंडप घातला. बॅनरवर भगवानच्या चेहऱ्याखाली कुणाचा तरी गणवेश चिकटवला होता, आणि शेजारी हात जोडलेल्या पुढाऱ्याचा फोटो भगवानपेक्षा मोठा. ज्याने त्याला धाडलं तो एजंट पुढच्याच रांगेत कडक इस्त्रीत बसलेला. 'वीरपुत्र', 'बलिदान' असं सगळं बोलून झालं आणि शाईचा पॅड पुढे आला. मामांनी आधी माईक मागितला.

"मेंढरू मेलं तर आमी धन्याला कान आनून दावतो. माज्या लेकाचा कान कुटं हाय? न्हाई ना? मंग तेला इकलंय. कुनी इकलं तेवढं सांगा, लगेच अंगठा देतो."

"बाबांच्या भावना अनावर झाल्यात," म्हणत पुढाऱ्याने माईक काढून घेतला. तोवर एजंट मागच्या बाजूने निघून गेला होता. बॅनर पावसाळ्यापर्यंत तसाच लोंबत राहिला.

मामा गेल्या उन्हाळ्यात वारले. अंगठा त्यांनी दिलाच नाही. हाताशी आलेला पैसा घालवला म्हणून लोक त्यांना येडं म्हणतात. मला विचाराल तर त्या मंडपात शहाणा तेवढा एकच होता.

कळप आता रुक्मिणी राखते. परवा ती दारात आली. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात चिंधी. माझी म्हातारी शेळी मेली होती.

"अगं, हे कशाला आणलंस? तुझ्यावर काय विश्वास नाही माझा?"

"इस्वास तर आमीबी ठिवला व्हता," ती म्हणाली. "कान ठिवा, गुर्जी."