तर्जनीचं माप

गेल्या वर्षी जूनच्या एक तारखेला मी भोसरीतल्या एका क्लासची सहा हजार पाचशे रुपये फी भरली. सोबत धाकटा भाऊ होता आणि समोर शिकवणारे सर. कॉम्प्युटरवर त्रिमितीय शिल्प घडवायचा महिन्याभराचा प्राथमिक कोर्स होता. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची.

"मूर्तींचा धंदा काढताय का, ताई?" सरांनी विचारलं.

भावाने उजवा हात टेबलावर ठेवला. तर्जनी मुळाशीच संपलेली. बाकीची पॉवर प्रेसखाली गेली होती. सात महिने तो घरी बसून होता. आमच्याकडे कामगार पुरवणाऱ्या कंत्राटदाराचा माणूस कंपनीच्या गेटवरच हात बघतो आणि बोट नसलेल्याला परत पाठवतो. तयार मिळणारी सिलिकॉनची बोटं पाहिली होती, पण सगळी जाड आणि गोरी.

"मला फक्त गेट ओलांडायचंय," भाऊ म्हणाला. "आत गेलो की काम करून दाखवतो."

पहिला आठवडा पडद्यावरच्या मातीच्या गोळ्याशीच गेला. तो ओढायचा, दाबायचा, गुळगुळीत करायचा. सरांचा नियम एकच, आधी मोठा आकार, बारीक काम नंतर. मी तिसऱ्याच दिवशी नख कोरायला घेतलं. त्यांनी ते पुसून टाकलं.

डाव्या हाताची तर्जनी घडवायची आणि आरशातल्यासारखी उलटी करून उजवीसाठी वापरायची, असं ठरलं. मी बावीस वर्षं कंपनीत सुटे भाग तपासते. भावाचा डावा पंजा टेबलावर सपाट ठेवून मी व्हर्नियरने प्रत्येक पेराचं माप घेतलं.

"हात सैल सोडू द्या त्यांना," सर म्हणाले. "मोकळं बोट थोडं वाकलेलंच असतं."

पण वाकलेल्या बोटाची लांबी व्हर्नियरवर नीट मिळत नाही. अंदाजाने काम करणं मला जमत नाही. मी बोट सरळच घडवलं. कुठेही मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा जास्त फरक नव्हता.

"आकडे बरोबर आहेत," सर एवढंच म्हणाले.

भाऊ पडद्याकडे बघून हसला. "ताई, हे बोट बँकेत कामाला आहे वाटतं." मग चार दिवस मी त्यावर भेगा पाडल्या, नख जाड केलं. थ्रीडी प्रिंटवरून साचा झाला आणि सिलिकॉन ओतणाऱ्या एका कारागिराने साच्यातून बोट काढलं. रंगही जुळला.

निघोज्यातल्या एका कंपनीच्या गेटवर तो एकटाच गेला आणि दुपारच्या आत परत आला.

"रांगेत हात खाली सोडून उभा होतो. बाकीची बोटं वळलेली, हे एकटं ताठ. पुढचा विचारतो, भावा, काय दाखवतोयस?"

"मग?"

"ते ऐकून कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, काढ ते. सगळ्यांसमोर काढलं."

"आठ दिवसांत दुसरं करते. वाकलेलं."

"नको, ताई. चार कंपन्यांच्या गेटवर त्याच कंत्राटदाराची माणसं आहेत. आता हात नाही, तोंड बघूनच परत पाठवतील."

त्याने बोट रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि तो जेवायलाही बसला नाही.

संध्याकाळी मी सिलिकॉन ओतणाऱ्याकडे गेले. तेवीसशे ठरले होते, पाचशे आगाऊ दिले होते.

"बसलं का बरोबर?" त्याने विचारलं.

"मापाला बसलं," मी म्हटलं. त्याच्या कामात काही चूक नव्हती. उरलेले अठराशे रुपये त्याला रोख दिले.